नाकाचं हाड, नाकाचा आकार

‘नाकाचं हाड वाढलंय’ असं आपण म्हणतो. खरं तर वाढलेलं काही नसतं. दोन नाकपुड्यांमधला पडदा एका बाजूला कललेला असतो. मग एका नाकपुडीतून श्वास येत नाही, रात्री तोंड उघडं पडतं, सर्दी मुक्कामालाच येते. कान-नाक-घशाचे डॉक्टर तो पडदा सरळ करतात. त्या शस्त्रक्रियेचं नाव सेप्टोप्लास्टी. आता समजा, अशा एका तरुणाच्या नाकाच्या दांड्यावर थोडा उंचवटा आहे, आणि लग्नाचं बघायला लागण्याआधी तोही काढून टाकावा असं त्याला वाटतं. भूल एकदाच, टेबल एकच, सर्जनही तेच. पडदा सरळ झाला, दांडाही झाला. बिल मात्र विमा कंपनीकडे पोचल्यावर मधोमध चिरलं जातं. पडद्याचे पैसे मिळतात, दांड्याचे कापले जातात. आणि तोच दांडा क्रिकेटचा चेंडू लागून मोडलेला असला, तर त्याचेही मिळतात.

हे बिल नेमकं कुठे चिरायचं, हे कोण आणि कशावरून ठरवतं?

उत्तराच्या वाटेत पहिल्यांदा एक शब्द आडवा येतो. ऑपरेशन थिएटरच्या यादीत ढोबळमानाने दोन प्रकार असतात: इमर्जन्सी आणि इलेक्टिव्ह. ‘इलेक्टिव्ह’चं मराठी आपण ‘ऐच्छिक’ असं केलं आणि तिथेच पाय घसरला. ऐच्छिक म्हटलं की शाळेतला ऐच्छिक विषय आठवतो; घेतला तर घेतला, नाही तर चित्रकला. डॉक्टरांच्या लेखी मात्र त्या शब्दाचा अर्थ एवढाच, की तारीख ठरवता येते. स्तनाच्या कर्करोगासाठी पुढच्या मंगळवारी ठेवलेली शस्त्रक्रिया इलेक्टिव्ह असते. हर्निया, मोतीबिंदू, पित्ताशयातले खडे, झिजलेले गुडघे, सगळं इलेक्टिव्ह. मार्च २०२० मध्ये करोनामुळे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलायला रुग्णालयांना सांगितलं, तेव्हा घरोघरी कुणी ना कुणी दुखणं धरून बसलं होतं. त्यांना ‘तुमचं ऐच्छिक होतं’ असं सांगून बघायला हवं होतं.

म्हणून ‘ठरवून केलेली शस्त्रक्रिया’ हाच शब्द मला बरा वाटतो. ठरवून केलेली की तातडीची, हे ‘कधी’ या प्रश्नाचं उत्तर आहे. गरजेची की बिनगरजेची, हे ‘का’ या प्रश्नाचं. विमा कंपनीला दोन्ही प्रश्न पडतात, पण वेगवेगळ्या कारणांनी, आणि आपला बहुतेक संताप त्यांची गल्लत झाल्याने होतो.

‘कधी’चा प्रश्न पॉलिसीत दोन ठिकाणी लपलेला असतो. पहिली जागा साधी: ठरवून दाखल होणार असाल तर कंपनीला दोन-तीन दिवस आधी कळवा, अचानक व्हावं लागलं तर दाखल झाल्यावर लगेच. दुसरी जागा जास्त बोलकी आहे. प्रत्येक मेडिक्लेम पॉलिसीत ठरावीक आजारांची एक यादी असते आणि त्या यादीतल्या शस्त्रक्रियेसाठी बहुधा पहिली दोन वर्षं पैसे मिळत नाहीत. मोतीबिंदू, हर्निया, मूळव्याध, टॉन्सिल, पित्ताचे खडे, गर्भाशय काढणं, सांधेबदल, आणि हो, नाकाचा तो पडदा. यादी नीट वाचली तर लक्षात येतं, की ही जवळजवळ सगळी ठरवून करायची दुखणी आहेत. कंपनी असं म्हणत नाही की हर्नियाची शस्त्रक्रिया बिनगरजेची आहे. तिला भीती वेगळीच आहे: माणूस सर्जनकडून तारीख घेऊन येईल, पॉलिसी काढेल, शस्त्रक्रिया उरकेल आणि पुढच्या वर्षी नूतनीकरण करणार नाही. म्हणूनच तेच दुखणं अपघातातून आलं असेल तर ही दोन वर्षांची अट लागत नाही. अपघाताची तारीख कुणी आधी ठरवत नाही.

‘का’चा प्रश्न अवघड आहे. भारतात त्याची व्याख्या विमा नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘आयआरडीएआय’ने, बांधून दिली आहे आणि सगळ्या कंपन्यांच्या पॉलिसीत ती जवळजवळ त्याच शब्दांत सापडते. उपचार झालेल्या आजारासाठी वा इजेसाठी लागणारा हवा. डॉक्टरांनी लिहून दिलेला हवा. वैद्यकीय जगात मान्य असलेल्या पद्धतीला धरून हवा. आणि सुरक्षित, पुरेशा उपचारासाठी जेवढं लागतं त्यापेक्षा त्याचा व्याप, कालावधी किंवा जोर जास्त नको. पहिल्या तीन अटींवर फारशी भांडणं होत नाहीत. भांडण होतं चौथीवर. तीन दिवसांत घरी जाता आलं असतं तर पाच दिवस का ठेवलं? साध्या वॉर्डात भागलं असतं तर आयसीयू कशाला? ‘ओपीडीत गोळ्या देऊन भागलं असतं’ हे नकाराच्या पत्रातलं सर्वांत घासून गुळगुळीत झालेलं वाक्य याच अटीतून निघतं.

सप्टेंबर २०१९ मध्ये नियामकाने कशाकशाला पैसे नाकारता येतील त्याचीही प्रमाणित यादी केली आणि प्रत्येक कलमाला क्रमांक दिला. आठवं कलम सौंदर्य-शस्त्रक्रियेचं. रूप बदलण्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेला पैसे नाहीत. मात्र अपघात, भाजणं किंवा कर्करोग यांनंतर अवयव पूर्ववत करायचा असेल, किंवा आरोग्याला असलेला थेट आणि तात्काळ धोका दूर करायचा असेल, तर आहेत. आपल्या नाकाचा निकाल या कलमात लागला. लोंबलेल्या पापणीचाही इथेच लागतो. पापणी बाहुलीवर उतरून दिसणं अडत असेल तर दृष्टिक्षेत्राची तपासणी करून तसा आलेख जोडायचा. आलेख बोलला की शस्त्रक्रिया गरजेची. चेहरा थकलेला दिसतो एवढंच कारण असेल तर ती हौस. दोन्ही पापण्या आरशात अगदी सारख्या दिसत असतील, तरीही.

इथे एक गोष्ट लक्षात येते. शरीरात जिथे सीमारेषा नसते तिथे कागदावर ती आखावी लागते, आणि ती आखायला आकडा सर्वांत सोयीचा. चष्म्याचा नंबर घालवणारी लेझर शस्त्रक्रिया घ्या. नंबर ७.५ पेक्षा कमी असेल तर पैसे नाहीत. सव्वासात नंबरच्या मुलीला चष्मा काढल्यावर समोरची बस दिसत नाही, साडेसातच्या मुलीलाही दिसत नाही. पण पहिलीची हौस ठरते आणि दुसरीचा आजार. यात कुणाचा दुष्टावा नाही. रेघ कुठेतरी मारायची म्हणून मारली आहे.

लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेचा आकडा मात्र थोडा थांबून बघण्यासारखा आहे, कारण तो परदेशातून आला आहे. वजन किलोत घ्यायचं, त्याला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. हा झाला बीएमआय. पॉलिसीच्या कलमाप्रमाणे बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त हवा. किंवा ३५ हवा आणि सोबत आटोक्यात न येणारा मधुमेह, हृदयविकार, झोपेत श्वास अडकणं असा गंभीर त्रास हवा, आणि वजन उतरवण्याचे साधे उपाय फसलेले हवेत. पाच फूट तीन इंच, म्हणजे १६० सेंटिमीटर उंचीच्या बाईसाठी ४० चा अर्थ होतो १०२ किलो, ३५ चा जवळपास ९० किलो. हेच दोन आकडे १९९१ मध्ये अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या एका परिषदेत ठरले होते. अमेरिकी शरीरं समोर ठेवून.

आणि आपली शरीरं तशी नाहीत, हे जगाला सांगणाऱ्यांत पुण्याचं नाव अग्रभागी आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोन मित्रांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा जोडफोटो छापला होता. दोघांचा बीएमआय अगदी एक, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आतून चरबीचा साठा. भारतीय माणसाला कमी वजनावरच मधुमेह गाठतो, तो का, याचं एवढं सुटसुटीत चित्र दुसरं नसेल. पुढे २०२२ मध्ये लठ्ठपणाच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनांच्या अमेरिकी आणि आंतरराष्ट्रीय संघटनांनी ४० चा जुना उंबरठा ३५ वर आणला आणि आशियाई लोकांसाठी तो आणखी खाली घेतला. विज्ञानातली रेघ सरकली तरी पॉलिसीतली लगेच सरकत नाही. एका आकड्यासाठी दावा नाकारला गेलेल्या माणसाने निदान हे विचारावं, की बाबांनो, तुमची फूटपट्टी कोणत्या साली आणि कुणाच्या अंगावर बेतली होती?

तर आकडे, कलमं, व्याख्या हे सगळं आहे. पण प्रत्यक्ष निर्णय होतो तो कागदावर, आणि हे समजायला टीपीएच्या कार्यालयात काय चालतं ते डोळ्यांसमोर आणायला हवं. टीपीए म्हणजे विमा कंपनी आणि रुग्णालय यांच्यामधली, दाव्यांची छाननी करणारी कंपनी; काही विमा कंपन्या हे काम स्वतःच्याच घरात करतात. तिथे संगणकापुढे एक तरुण डॉक्टर बसलेला असतो, बरेचदा बीएएमएस किंवा बीएचएमएस झालेला. त्याने रुग्ण पाहिलेला नसतो, पाहणारही नसतो. रुग्णालयाच्या मेडिक्लेम डेस्कने पाठवलेला प्री-ऑथचा, म्हणजे पूर्वपरवानगीचा अर्ज, एक-दोन रिपोर्ट आणि खर्चाचा अंदाज, एवढंच त्याच्यासमोर असतं. नियामकाच्या मे २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे कॅशलेसच्या अर्जावर एका तासात निर्णय द्यायचा आणि डिस्चार्जच्या वेळचा अंतिम निर्णय तीन तासांत. रुग्णाच्या दृष्टीने हे फार चांगलं झालं. पण त्या तासाभरात तो डॉक्टर पुस्तकं उघडून बसू शकत नाही. तो कागदात ठरावीक गोष्टी शोधतो: निदान काय, ते कशावरून केलं, आधी काय उपाय करून पाहिले, आणि किती दिवसांपासून त्रास आहे. यातलं एखादं उत्तर सापडलं नाही की ‘क्वेरी’ येते.

‘आधी काय करून पाहिलं’ या प्रश्नाला किती वजन आहे, हे रुग्णाला सहसा माहीत नसतं. कंपनीच्या डोळ्यांपुढे एक जिना असतो. नाकासाठी आधी स्प्रे, मग शस्त्रक्रिया. पाठीच्या मणक्यासाठी आधी गोळ्या आणि व्यायाम, मग सुरी. गर्भाशयाच्या रक्तस्रावासाठी आधी औषधं. पायऱ्या चढून आल्याचा पुरावा असेल तर शेवटची पायरी गरजेची ठरते. नसेल तर उडी मारल्यासारखं दिसतं. ‘रुग्णाला नाकाच्या शस्त्रक्रियेची इच्छा आहे’ असं एखाद्या डॉक्टरने सहज लिहिलं तर ते वाक्य महागात पडतं. ‘तीन महिने स्प्रे वापरूनही डाव्या नाकपुडीतून श्वास येत नाही, सीटी स्कॅन जोडला आहे’ या वाक्याचं काम मात्र होतं. आजार दोन्ही ठिकाणी तोच. कागद वेगळा.

माझ्या आत्याची गोष्ट इथे सांगायलाच हवी. वय अडुसष्ट, राहणार साताऱ्याची, दोन्ही गुडघे गेलेले. गुडघ्याची झीज क्ष-किरणावर शून्य ते चार अशा पायऱ्यांत मोजतात. मँचेस्टरच्या केलग्रेन आणि लॉरेन्स यांनी १९५७ मध्ये बसवलेली ही पद्धत आजही सर्वत्र चालते. आत्याचे दोन्ही गुडघे चौथ्या पायरीवर, म्हणजे हाडाला हाड घासत होतं. पॉलिसीला पाच वर्षं झाली होती, यादीतली दोन वर्षं केव्हाच सरली होती. दिवाळीनंतरची तारीख ठरली. फराळ झाल्याशिवाय ती कुठली जातेय! दाखल झाल्यावर रात्री एक निवासी डॉक्टर मुलगी केसपेपर भरायला आली. ‘आजी, गुडघे कधीपासून दुखतायत?’ आत्या म्हणाली, ‘अगं, दहा वर्षं झाली असतील की! तुझ्या वयाची असल्यापासून म्हण.’ मुलगी हसली आणि तिने लिहिलं: दुखणं, दहा वर्षं.

दावा नाकारला गेला. कारण: पॉलिसी घेण्याआधीपासूनचा आजार, तो लपवला.

गुडघा गरजेचा नाही असं कुणीच म्हटलं नव्हतं. चौथी पायरी समोर होती. ‘का’चा प्रश्न सुटलाच होता, ‘कधी’ने मागच्या दाराने येऊन घोटाळा केला. पूर्वीपासूनच्या आजाराची व्याख्या अशी, की पॉलिसी सुरू होण्याआधीच्या ठरावीक काळात (पूर्वी चार वर्षं, २०२४ पासून तीन) डॉक्टरांनी निदान केलेलं हवं किंवा त्यांनी उपचार सांगितलेला, केलेला हवा. नुसतं दुखणं त्यात बसत नाही. आणि आत्या पॉलिसीच्या आधी एकाही डॉक्टरकडे गेली नव्हती. तिचा डॉक्टर म्हणजे निर्गुडीचा पाला आणि तिळाचं तेल.

तरीही कंपन्यांच्या संशयाला कायम नावं ठेवणं मला जमत नाही. त्यामागे एक काळा इतिहास आहे. २००८ मध्ये दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांसाठी राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना आली. कुटुंबामागे वर्षाला ३०,००० रुपयांचं संरक्षण. काही वर्षांतच छत्तीसगड, बिहारमधून बातम्या येऊ लागल्या, की कार्ड हातात असलेल्या तरुण बायकांची गर्भाशयं सर्रास काढली जातायत. पोटात दुखतंय, पांढरं जातंय, एवढ्यावर ‘कर्करोग होईल’ अशी भीती घालून. छत्तीसगडमध्ये डॉक्टरांचे परवाने स्थगित झाले. प्रकरण जनहित याचिकेच्या रूपाने सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयाने सगळ्या राज्यांना अनावश्यक शस्त्रक्रिया रोखणारी मार्गदर्शक तत्त्वं लागू करायला सांगितलं. त्या बायकांच्या कागदांवर डॉक्टरांची सही होती. व्याख्येतली ‘डॉक्टरांनी लिहून दिलेला हवा’ ही अट तिथे पूर्ण झाली होती.

आपल्या बीडमध्ये तर विम्याचीही गरज लागली नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांची गर्भाशयं काढली गेली, तीही अनेकींची उचल घेऊन, स्वतःच्या पैशांनी. पाळीत खाडा झाला तर मजुरी बुडते, दंड बसतो. त्यापेक्षा पिशवीच नको. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, आणि बीड जिल्ह्यात खासगी रुग्णालयांना गर्भाशय काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी लागू लागली. म्हणजे विमा कंपनी नसतानाही प्री-ऑथ आलंच. फरक एवढाच, की इथे विचारणाऱ्याला पैसे वाचवायचे नव्हते. ‘ही शस्त्रक्रिया का?’ हा प्रश्न पैसे देणाऱ्याने विचारला की आपल्याला तो कंजूषपणा वाटतो, पण प्रश्न वाईट नाही.

वाईट असतं ते प्रश्न न विचारताच उत्तर देणं. डोळ्याच्या पडद्याला सूज येऊन नजर जाऊ लागली तर डोळ्यात इंजेक्शन देतात. वर्षानुवर्षं अनेक कंपन्या त्याचे पैसे नाकारत होत्या. कारण काय, तर रुग्ण चोवीस तास दाखल नव्हता. नजर वाचवणं गरजेचं आहे की नाही, इथपर्यंत चर्चा पोचायचीच नाही. पलंगावर किती तास होतास यावर निकाल. २०१९ मध्ये नियामकाने आधुनिक उपचारांची यादी करून ते वगळायचे नाहीत असं बजावलं, तेव्हा त्यात रोबोटिक शस्त्रक्रिया, तोंडावाटे घ्यायची केमोथेरपी यांच्या जोडीने हे इंजेक्शनही आलं. याच्या उलट, केवळ तपासण्या करण्यासाठी दाखल झालात तर पैसे नाहीत, हे नकाराच्या यादीतलं चौथं कलम अजून कायम आहे. छातीत दुखलं म्हणून रात्री दाखल व्हावं, सगळे रिपोर्ट चांगले यावेत, सकाळी पेढे वाटत घरी यावं, आणि मागून कंपनीचं पत्र यावं: सक्रिय उपचार झालेला नाही. हृदयविकाराचा झटका आला असता तर पैसे मिळाले असते!

शेवटचा शब्द कुणाचा? एप्रिल २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एका निवृत्त केंद्रीय अधिकाऱ्याचं प्रकरण आलं. ते विम्याचं नव्हतं, केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेचं होतं, पण पेच हाच. हृदयात बसवलेलं महागडं यंत्र गरजेचं नव्हतं, असं सरकारी तज्ज्ञांच्या समितीने मागाहून ठरवलं होतं. न्यायालयाने पैसे द्यायला लावले. कोणता उपचार करायचा हे ठरवणं उपचार करणाऱ्या तज्ज्ञाचं काम, रुग्णाच्या वा नातेवाइकांच्या हातात तिथे फारसं काही उरत नाही, असा त्याचा आशय. विमा कंपन्यांना हे जसंच्या तसं लागू होईलच असं नाही. त्यांच्यापाशी करार असतो आणि करारात गरजेच्या व्याख्येतली ती चौथी अट असते. मात्र आता एकट्या माणसाने नकार देऊन चालत नाही. २०२४ पासून कंपनीतल्या तिघांच्या आढावा समितीच्या संमतीशिवाय दावा फेटाळता येत नाही. तिथेही नाहीच झालं, तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे. महाराष्ट्रात मुंबई, पुणे आणि ठाण्यात त्यांची कार्यालयं आहेत. फी नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात. वकील आणता येत नाही, आपलं आपण बोलायचं.

आत्याला लोकपालापर्यंत जावं लागलं नाही. सर्जनने एक पत्र दिलं: झिजेचं निदान प्रथम केव्हा झालं, त्याआधी कोणताही वैद्यकीय उपचार झाला नव्हता, सोबत पहिल्या क्ष-किरणाची तारीख. तक्रार विभागाने दोन महिने घेतले, तीन क्वेऱ्या काढल्या आणि पैसे दिले. हातमोजे, कापूस वगैरेंचे वजा करून.

परवा तिला साध्या खोकल्यासाठी दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे विचारलं, ‘आजी, किती दिवस झाले?’ आत्याने चष्मा सारखा केला, त्यांच्या हातातल्या पेनाकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘आधी तुम्ही काय लिहिणार ते सांगा.’